म्युनिसिपालिटीतील जोतीराव

आमच्या समाजात महात्मा जोतीराव फुले यांची तसबीर नाही असे घर क्वचितच सापडेल. डोंगरकड्याच्या पंचक्रोशीत, हळदीच्या आणि केळीच्या या मुलखात, ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर या दोन तारखा मुलांना शाळेचे तोंड पाहण्यापूर्वीच पाठ झालेल्या असतात. मुलींची शाळा, अस्पृश्यांस खुला केलेला हौद, बालहत्याप्रतिबंधक गृह, सत्यशोधक समाज ही त्यांच्या चरित्रातील ठळक प्रकरणे व्याख्यानांतून व पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. परंतु याच महापुरुषाने आपल्या आयुष्यातील सुमारे सात वर्षे पुणे म्युनिसिपालिटीचा सभासद म्हणून खर्ची घातली, आणि शहर सुधारण्याच्या नावाखाली जो पैसा खर्च होई त्याचा जाब तेथे बसून विचारला, ही हकीकत आमच्या सभासंमेलनांतून फारशी ऐकू येत नाही. तीत गाजावाजा करण्यासारखे काही नाही म्हणून असेल, किंवा त्या सभागृहात त्यांचा बहुधा पराभवच झाला म्हणूनही असेल. स्मरणिकेच्या या पानांत आम्ही त्याच भागाचे कथन थोड्या विस्ताराने करण्याचे योजिले आहे. बाकीचे चरित्र वाचकांस ठाऊक आहे असे गृहीत धरून त्याचा केवळ धागा हाती ठेवतो.

जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे फुले हे नाव रूढ झाले. १८२७ साली त्यांचा जन्म झाला. आई चिमणाबाई त्यांना फार लहानपणीच अंतरल्या व सगुणाबाईंनी त्यांचा सांभाळ केला. १८४० साली नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला. मध्यंतरी सुटलेली शाळा १८४१ मध्ये पुन्हा सुरू होऊन स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे इंग्रजी शिक्षण पुरे झाले. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, आणि १८५२ साली विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे त्यांचा सत्कारही झाला. येथवरची कथा सर्वश्रुत आहे.

तितकीशी श्रुत नसलेली गोष्ट ही की, जोतीरावांनी समाजकार्यावर कधी पोट भरले नाही. ते शेती करीत, धातूच्या ओतकामास लागणाऱ्या मुशी विकण्याचे दुकान चालवीत, आणि सरकारी बांधकामांचे ठेके घेत. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या पेढीशी त्यांचे नाव निगडित आहे. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण व कालवा या कामांशी त्यांचा संबंध आल्याचे चरित्रकार नमूद करतात. ठेकेदार आणि म्युनिसिपालिटीचा सभासद अशी जोडी दिसली की आज लोक मनात काय ते समजून घेतात. जोतीरावांच्या बाबतीत त्या जोडीचा अर्थ वेगळा होता. दगड किती लागला आणि किती लिहिला गेला, चुन्यात वाळू किती मिसळली, हजेरीपटावर मजूर किती आणि कामावर किती, बिल कोणत्या टेबलावर अडते आणि कशाने सुटते, हे सारे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. डोळ्यांनी पाहिले होते. सरकारी बांधकाम खात्यातील लबाडीवर त्यांनी आपल्या लेखनातून कोरडेही ओढले आहेत. अशा मनुष्यापुढे कामाचे अंदाजपत्रक ठेवले, तर तो ते कोणत्या दृष्टीने वाचील हे सांगण्याची गरज नाही.

शहराचे आरोग्य म्हणजे प्रथमतः पाणी. पुण्यास पेशवाईत कात्रजच्या तलावातून बांधीव नळांनी पाणी आणलेले होते व ते ठिकठिकाणच्या हौदांत पडे. इंग्रजी अमदानीत, १८७० च्या दशकात, मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण झाले व कालव्याचे पाणी शहरास आणि छावणीस मिळू लागले. परंतु पाणी हौदापर्यंत आले म्हणजे ते सर्वांच्या घागरीत आले असे होत नाही. हौदावर कोणी यावे व कोणी येऊ नये हे जातीने ठरविले होते, आणि अस्पृश्य गणलेल्या वस्तीतील बायांस, कोणाला दया येऊन वरून पाणी ओतले जाईल याची वाट पाहत तिष्ठत उभे राहावे लागे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला, तो या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा. या कृत्याचे वर्णन आपण नेहमी समतेच्या भाषेत करतो आणि ते योग्यच आहे. तथापि ते शहराच्या पाणीव्यवस्थेवरील एक टीकाही होती. सार्वजनिक पैशाने आणलेले पाणी सार्वजनिक नाही, हे एका खाजगी हौदाने पुण्याला दाखवून दिले. जोतीरावांचे नाव म्युनिसिपालिटीच्या यादीत येण्यास अद्याप आठ वर्षे होती.

पुणे म्युनिसिपालिटीची स्थापना १८५७ सालची. १८७६ साली जोतीराव तिचे सभासद झाले, तेव्हाची तिची घडण आजच्या वाचकाने लक्षात घेतली पाहिजे. मतदान, उमेदवार, प्रचार यांपैकी काहीही नव्हते. सभासद सरकार नेमी. कारभाराची सूत्रे मुख्यतः सरकारी अंमलदारांच्या हाती असत, आणि सरदार, सावकार, पेन्शनर, वकील अशा प्रतिष्ठितांची नेमणूक हा एक मान समजला जाई. लोकनियुक्त सभासदांचे तत्त्व लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर जोर धरू लागले. तेव्हा ज्या खुर्चीवर जोतीराव बसले ती सरकारने दिलेली होती, आणि सरकार ती पुन्हा देईल किंवा न देईल. अशा खुर्चीत बसून सरकारच्याच मर्जीविरुद्ध हात वर करणे, हे निवडून आलेल्या मनुष्याने विरोध करण्याहून अधिक कठीण असते असे आम्हांस वाटते. आपल्यामागे मतदार आहेत असेही त्यास म्हणता येत नाही.

त्यांच्या नेमणुकीच्या सुमारासच दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. १८७६ ते १८७८ या काळात खेडी ओस पडली व अन्नाच्या आशेने माणसे शहरांकडे लोटली. १८७७ मध्ये सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळपीडित मुलांच्या जेवणाची सोय केली. जोतीरावांनी त्यासाठी लोकांस मदतीचे आवाहन केले. सकाळी म्युनिसिपालिटीचे कागद पाहावेत आणि धनकवडीच्या पंक्तीची काळजीही वाहावी, अशी ती वर्षे होती. पुढे सभागृहात त्यांनी जी भूमिका घेतली तिचे मूळ आम्ही येथे पाहतो. उपाशी पोरांचे तोंड ज्याने नुकतेच पाहिले आहे त्याला तोरणांचा खर्च कसा मानवेल?

आणि तोरणांचा प्रसंग आलाच. व्हाइसरॉयसाहेबांची स्वारी पुण्यास येणार होती. शहर शृंगारावे, स्वागत थाटाने व्हावे, मानपत्र द्यावे यासाठी म्युनिसिपालिटीच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्चण्यास मंजुरी मागणारा ठराव सभेपुढे ठेवण्यात आला. जोतीरावांनी त्यास विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावला तर सार्थकी लागेल, हे त्यांचे म्हणणे. ठराव मतास टाकला गेला तेव्हा बत्तीस सभासदांत विरुद्ध मत देणारे ते एकटेच निघाले. खर्च मंजूर झाला.

या प्रसंगाकडे एक बाणेदार कृत्य म्हणून पाहण्याची प्रथा आहे, आणि ते बाणेदार होतेच. १८७८ साली देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा झालेला असताना व्हाइसरॉयच्या स्वागतास नकार देण्यात कोणता धोका होता हे त्या काळच्या प्रत्येकास कळत होते. परंतु आमच्या मते त्या मताचे खरे मोल धाडसात नाही. एकतीस मंडळींपुढे प्रश्न होता तो व्हाइसरॉयचा मान राखण्याचा. जोतीरावांपुढे प्रश्न होता तो पैसा कोणाचा, याचा. पुणे म्युनिसिपालिटीच्या उत्पन्नात जकातीचा वाटा मोठा होता. शहराच्या नाक्यावर येणाऱ्या मालावर ती बसे, म्हणून ती भरणाऱ्यांत केवळ पुणेकर नव्हते; मालाची गाडी घेऊन येणारा हवेली-मुळशीकडचा कुणबी व माळीही होता. त्याने व्हाइसरॉयला पाहिलेही नसते.

दारूच्या प्रश्नावर त्यांनी उचललेले पाऊल याहून अधिक विचारपूर्वक होते व म्हणून अधिक अभ्यासण्याजोगे आहे. १८७८ साली मुंबई इलाख्यात आबकारीचा नवा कायदा झाला. त्यानंतरच्या काळात पुण्यात गल्लोगल्ली दारूची दुकाने दिसू लागली. १८ जुलै १८८० रोजी जोतीरावांनी म्युनिसिपालिटीच्या व्यवस्थापक मंडळीचे हंगामी अध्यक्ष प्लंकेट यांस याबाबत पत्र लिहिले. पूर्वी शहरात एखाददुसरेच दुकान असे व आता ती पेठोपेठी झाली आहेत, अनेकांचे संसार धुळीस मिळत आहेत, या गोष्टी त्यांनी मांडल्या. येथपर्यंत कोणीही सुधारक लिहिता. पुढचा मुद्दा मात्र जोतीरावांचा आहे. म्युनिसिपालिटी लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करते, त्याच्या देखरेखीसाठी माणसे ठेवते. मग जे दुकान ते आरोग्य बिघडविते त्याच्यावर म्युनिसिपालिटीचा कर का नसावा, असा त्यांचा रोख होता. सरकार या दुकानांपासून किती कर घेते आणि इतर म्युनिसिपालिट्यांनी असा काही कर बसविला आहे काय, ही माहिती मागवावी असेही त्यांनी सुचविले.

हा विचार थोडा उलगडून पाहावा. दारूचे उत्पन्न सरकारच्या तिजोरीत जाई. दारूने होणारा आजार, घाण, भांडण आणि दारिद्र्य मात्र शहराच्या पदरात पडे, आणि त्याची भरपाई ज्या म्युनिसिपालिटीने करावयाची तिला त्या उत्पन्नातला पैही मिळत नसे. फायदा एकाचा आणि निस्तरणे दुसऱ्याचे, हा सार्वजनिक कारभारातील जुना दोष आहे. सार्वजनिक आरोग्यावरील पुढच्या काळातील ग्रंथांत व सरकारी धोरणांत तंबाखू व मद्य यांवर आरोग्याच्या कारणास्तव कर बसविण्याचा विचार मान्यता पावला. जोतीरावांनी तो केवळ अनुभवाच्या बळावर, एका म्युनिसिपालिटीच्या दप्तरी अर्जाच्या रूपाने मांडला. दुकाने काही त्या पत्राने बंद झाली नाहीत. आमच्या ग्रामसभांतून दारूबंदीचे ठराव करणाऱ्या मायभगिनींस हा पूर्वाधार ठाऊक असावा म्हणून आम्ही त्यावर इतकी शाई खर्च केली.

आता मंडईची गोष्ट. पुण्यात भाजीपाल्याचा बाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरत असे. उन्हापावसात माळणी टोपल्या मांडून बसत, धूळ उडे, सडका पाला तेथेच पडे. म्युनिसिपालिटीने एक भव्य, छपराची, दगडी मंडई बांधावी अशी योजना पुढे आली, तिचा खर्च लाखांच्या घरात जाणारा होता. जोतीरावांनी तीस विरोध केला व त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनीही त्यांची बाजू घेतली. शहरातील गरिबांच्या मुलांस शिकण्याची सोय नसताना एवढी रक्कम एका इमारतीत घालणे योग्य नाही, हे विरोधाचे सार होते. विरोध टिकला नाही. शुक्रवार पेठेत मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून निघालेल्या लांब ओवऱ्या असलेली ती वास्तू उभी राहिली, व १८८६ साली तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते तिचे उद्घाटन होऊन तिला रे मार्केट हे नाव मिळाले.

या बाबतीत जोतीरावांचीच बाजू सर्वस्वी बरोबर होती असे आम्ही म्हणत नाही. मंडईने भाजी विकणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर दिले, ओटे दिले, बाजार धुऊन काढण्याची सोय झाली. आरोग्याच्या दृष्टीने उघड्या मैदानाहून ती केव्हाही चांगली. शिवाय भाजी विकणारे आणि पिकविणारे यांत आपलेच लोक अधिक होते. तेव्हा माळी समाजात जन्मलेल्या सभासदाने मंडईला विरोध करावा, हे त्या वेळी काहींना चमत्कारिक वाटले असेल तर नवल नाही. परंतु याच ठिकाणी त्यांच्या मनाचा काटा कसा सरळ होता हे दिसते. आपल्या जातीच्या धंद्याला सोयीची म्हणून एखादी योजना त्यांनी उचलून धरली नाही, आणि साहेबाने आणली म्हणून मान डोलावली नाही. त्यांचा प्रश्न क्रमाचा होता, आधी काय आणि मागून काय. ज्या म्युनिसिपालिटीजवळ प्राथमिक शाळेला पैसा नाही तिच्याजवळ मनोऱ्याला पैसा कोठून येतो, हा प्रश्न मंडई कितीही उपयुक्त ठरली तरी खोडला जात नाही.

काळाची गंमत अशी की, १९३८ साली आचार्य अत्रे पुणे म्युनिसिपालिटीत असताना याच रे मार्केटला महात्मा फुले मंडई हे नाव देण्यात आले. ज्या इमारतीच्या खर्चाला एका सभासदाने विरोध केला तिच्यावर पन्नास वर्षांनी त्याचेच नाव लागावे, असा योग फार थोड्या शहरांच्या वाट्यास आला असेल. २०२४ सालापासून मंडईलगत जमिनीखाली मेट्रोचे स्थानकही सुरू झाले आहे. आमच्या गावातून शिकण्यासाठी व नोकरीसाठी पुण्यास गेलेली मुले तेथून जात-येत असतील. त्यांनी मनोऱ्याकडे एकदा नजर टाकताना ही हकीकत आठवावी.

शिक्षणाचा उल्लेख वर वारंवार आला, त्याचे कारण म्युनिसिपालिटीतील अनुभव आणि शिक्षणाविषयीचे विचार यांची जोतीरावांच्या ठायी गाठ पडलेली होती. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले, त्याखाली आपली ओळख देताना त्यांनी व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर असे लिहिले आहे. समाजसुधारक, ग्रंथकार, सत्यशोधक समाजाचे संस्थापक यांपैकी एकही बिरुद तेथे लावलेले नाही. निवेदनात त्यांनी सांगितले की, मोठ्या शहरांतील म्युनिसिपालिट्यांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा सर्व खर्च सोसावा. पण त्याच दमात त्यांनी दुसरी गोष्टही सांगितली. या शाळांचा कारभार मात्र सर्वस्वी म्युनिसिपालिट्यांच्या हाती देऊ नये, तो शिक्षणखात्याच्या देखरेखीखाली असावा.

स्वतः सभासद असलेल्या मनुष्याने आपल्याच संस्थेला अधिकार देऊ नका असे सांगावे, हे वाचून आम्ही प्रथम थबकलो. अधिकार मागणारे सभासद पुष्कळ भेटतात. आपल्या सभागृहाची मर्यादा सरकारी आयोगापुढे नोंदविणारा विरळा. बत्तीसांत एक अशी ज्याची गणती झाली होती, त्यास ठाऊक होते की उच्चवर्णीयांच्या बहुमताखाली चालणारी शाळा महार-मांगांच्या आणि कुणबी-माळ्यांच्या मुलांस कोठे बसवील. स्थानिक स्वराज्य हा शब्द त्या वर्षी सर्वांच्या तोंडी होता. ते स्वराज्य कोणाचे, एवढाच जोतीरावांचा प्रश्न होता.

पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहून पुरा केला. हा ग्रंथ आमच्या घराघरांत आहे. परंतु तो शहराच्या कारभारावरही लिहिलेला ग्रंथ आहे, हे वाचताना ध्यानात येत नाही. शेतकऱ्याने गाडीभर भाजीपाला शहरात आणावा, नाक्यावर म्युनिसिपालिटीने जकात घ्यावी, पेठेत दलालाने आपला हात मारावा, आणि गडी रिकामी गाडी व जवळजवळ रिकामा खिसा घेऊन परतावा, याचे चित्र त्यांनी त्यात रंगविले आहे. लोकल फंडाची पट्टी भरणारा खेड्यातील, आणि त्यातून होणाऱ्या सोयी भोगणारा दुसराच, हेही त्यांनी दाखविले आहे. ज्याने सात वर्षे जकातीच्या पैशाचा विनियोग आतून पाहिला त्याचे हे लिहिणे आहे, म्हणून त्याला धार आहे. जकात महाराष्ट्रातून टप्प्याटप्प्याने जाऊन २०१७ साली मुंबईतूनही नाहीशी झाली. नांदेडच्या वा हिंगोलीच्या बाजारात हळदीची पोती घेऊन जाणाऱ्या आमच्या बांधवांस तो नाका आता आडवा येत नाही. दलालाविषयी आम्ही काही लिहीत नाही. वाचक स्वतः जाणतात.

जोतीराव केवळ विरोधासाठी विरोध करणारे होते अशी समजूत कोणाची होऊ नये, म्हणून १८८२ सालचीच एक घटना येथे नमूद करतो. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर टीका केल्याबद्दल टिळक व आगरकर यांजवर अब्रुनुकसानीचा खटला झाला, तेव्हा जामिनाची मोठी रक्कम उभी करणे अवघड होते. जोतीरावांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला. केसरीकारांचे व जोतीरावांचे विचार किती भिन्न होते हे सांगावयास नको. त्या खटल्यात टीकेचा आधार असलेली पत्रे बनावट ठरून दोघांस शिक्षाही झाली. तरीही कारभाराची चिकित्सा करणारा मनुष्य तुरुंगात एकटा पडू नये, असे जोतीरावांस वाटले. सभागृहात एकटे पडणे म्हणजे काय हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक होते?

१८८३ च्या सुमारास त्यांचे सभासदत्व संपले. त्यानंतरची वर्षे लेखनात आणि सत्यशोधक समाजाच्या कार्यात गेली. १८८८ च्या मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी दिलेल्या मेजवानीस ते साध्या शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात जनतेने त्यांस महात्मा ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला. तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले, ते १८९१ साली त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. अखेरच्या दिवसांत पैशाची चणचण होती. ठेकेदारी केलेला, म्युनिसिपालिटीत सात वर्षे बसलेला मनुष्य शेवटी औषधोपचारासाठी स्नेह्यांच्या मदतीवर अवलंबून राहिला, ही एकच गोष्ट त्यांच्या हिशेबाची तपासणी करण्यास पुरेशी आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे पहिले विस्तृत मराठी चरित्र बुलढाण्याकडील पंढरीनाथ पाटील यांनी १९२७ साली प्रसिद्ध केले. पुढे धनंजय कीर यांनी लिहिले. म्युनिसिपालिटीच्या दप्तरातील या हकीकती अशा चरित्रकारांच्या परिश्रमामुळेच आपल्यापर्यंत आल्या. पुण्यात त्यांच्या राहत्या गंज पेठेस महात्मा फुले पेठ हे नाव मिळाले व त्यांचा वाडा स्मारक म्हणून जपला गेला.

परंतु शहराच्या आरोग्याची कथा त्यांच्या मृत्यूबरोबर थांबली नाही. मंडई उभी राहिली त्याला दहा वर्षे झाली न झाली तोच, १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला व त्या वर्षाच्या अखेरीस तो पुण्यात शिरला. दाट वस्ती, कोंदट घरे, उघडी गटारे. भुयारी गटारांची योजना पुण्याच्या वाट्यास विसाव्या शतकात आली. मुंबईत जोतीरावांचे सहकारी, कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे रुग्णांच्या सेवेत असतानाच प्लेगला बळी पडले, ती तारीख ९ फेब्रुवारी १८९७. मुंबईत यानंतर, १८९८ साली, शहर सुधारणेसाठी सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुण्यात सरकारने रँडसाहेबांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली, आणि मार्च महिन्यात गोऱ्या सोजिरांकडून घरांच्या झडत्या सुरू झाल्या. त्या झडत्यांनी शहर किती प्रक्षुब्ध झाले, व २२ जून रोजी गणेशखिंडीत काय घडले, तो इतिहास वेगळा आहे.

सावित्रीबाईंनी त्या दिवसांत आपले दत्तकपुत्र डॉ. यशवंतराव यांस बोलावून घेतले होते. शहराबाहेर, हडपसरच्या बाजूस ससाणे यांच्या माळावर, मोकळ्या हवेत यशवंतरावांनी दवाखाना मांडला. रोग्यास जातीवरून दूर सारण्याचा प्रश्न तेथे नव्हता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एक मुलगा तापाने पडला असल्याचे कळताच सावित्रीबाई स्वतः गेल्या आणि त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांचे वय तेव्हा सहासष्ट होते. मुलगा बरा झाला. सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या.